झाड हिरवंगार, पण फूल नाही: मोगरा, शेवंती, ब्रह्मकमळ फुलवायचं कसं

उन्हाळा लागला की ओळखीतले लोक मोगऱ्याचे फोटो पाठवायला लागतात. झाड मस्त हिरवंगार, पानं चकचकीत, फांद्या ग्रिलमधून पार बाहेर गेलेल्या आणि खाली प्रश्न एकच, "सगळं देतोय, तरी फूल का येत नाही?" बहुतेक वेळा उत्तर त्या "सगळं देतोय" मध्येच असतं. पाणी रोज, खत दर आठवड्याला, कोणी सांगितलं म्हणून ताक, कोणी सांगितलं म्हणून केळीच्या सालींचं पाणी. झाडाला इतकं आयतं मिळत असलं की ते पानं वाढवत बसतं, फांद्या लांबवतं, फुलायची त्याला घाई नसते. डाळिंबाच्या किंवा संत्र्याच्या बागेत शेतकरी आधी पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि मगच बहर धरतो, तेच तत्त्व आपल्या कुंड्यांनाही बऱ्यापैकी लागू होतं, फक्त प्रत्येक झाडाचा इशारा वेगळा असतो. मोगऱ्याला छाटणी आणि कडक ऊन लागतं, बोगनवेलीला तहान, शेवंतीला लांब अंधारी रात्र, ब्रह्मकमळाला वय आणि निशिगंधाला मोकळी जागा. म्हणून खताची पिशवी आणायच्या आधी आपलं झाड नेमकं कशासाठी अडलंय ते बघा, एवढंच माझं म्हणणं आहे.

सगळ्यात आधी ऊन मोजा. अंदाजाने नाही, खरंच मोजा. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला कुंडीचा मोबाईलवर फोटो काढा आणि संध्याकाळी बघा की किती फोटोंमध्ये पानांवर थेट ऊन आहे. "आमच्याकडे भरपूर उजेड असतो" याला काही अर्थ नाही, उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. कुंडीवर हात धरल्यावर हाताची सावली ठसठशीत, कडा स्पष्ट अशी पडली तर ते ऊन, फिकट धुरकट पडली तर तो नुसता उजेड. मोगरा, बोगनवेल, जास्वंद, कृष्णकमळ, सोनचाफा, निशिगंध या सगळ्यांना किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, त्याच्या खाली गेलं की पुढचे सगळे उपाय वाया.

आता यात एक गोष्ट आहे जी फ्लॅटवाल्यांच्या पटकन लक्षात येत नाही. दक्षिणेकडची बाल्कनी थंडीत दिवसभर उन्हात असते, कारण डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडून कलून जातो आणि ऊन अगदी हॉलपर्यंत आत येतं. लोक ते बघून तिथे मोगरा ठेवतात. पण मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि त्यानंतर जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो. मग वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे त्याच दक्षिणेच्या बाल्कनीत एप्रिल-मेमध्ये, म्हणजे मोगऱ्याच्या ऐन हंगामात, ऊन जवळजवळ येतच नाही! म्हणून डिसेंबरमध्ये केलेलं मोजमाप एप्रिलमध्ये धरू नका, मार्चच्या शेवटी परत मोजा आणि गरज पडली तर कुंडी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत हलवा, सोसायटी परवानगी देत असेल तर सरळ गच्चीवर न्या. मोगरा गच्चीवरच्या उन्हाला घाबरत नाही, मे महिन्याच्या उन्हातही नाही, फक्त कुंडी तापते म्हणून तेव्हा पाणी नीट द्यावं लागतं.

ऊन ठीक असेल तर आता मोगऱ्याकडे नीट बघू, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच असतात.

मोगऱ्याचं फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याला येतं, जुन्या लाकडावर नाही. म्हणजे नवे फुटवे जितके जास्त तितकी फुलं जास्त, आणि नवे फुटवे येतात छाटणीमुळे. लोकांचा हात छाटायला धजत नाही, इतकं वाढवलेलं झाड कापायचं कसं असं वाटतं, आणि तिथेच सगळं अडतं. माझी पद्धत अशी: डिसेंबरच्या शेवटी पाणी कमी करायला सुरुवात करायची. जमिनीत झाड असेल तर दोन-तीन आठवडे पाणी पूर्ण बंद चालतं, कुंडीत असेल तर पानं थोडी मलूल दिसली की मगच पेलाभर द्यायचं. पानं पिवळी पडतील, गळतील, गळू द्या. मग संक्रांतीच्या आसपास छाटणी. धारदार सिकेटर (फांद्या कापायची कात्री) घ्या, आधी स्पिरिटने पुसून घ्या, आणि सुकलेल्या, काडीसारख्या बारीक, आतल्या आत एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढून टाका. उरलेल्या जाड फांद्या मातीपासून साधारण एक-दीड फुटावर कापा, डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो त्या उंचवट्याच्या, जरा वर, तिरका काप देऊन. उरलीसुरली पानंही हाताने काढून टाका, एकही ठेवू नका. झाड अगदी बोडकं दिसेल, घरातले बोलतील, बोलू द्या.

त्यानंतर वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने हलकेच मोकळी करून काढायची, मुळं दिसली तरी हरकत नाही, दोन-तीन दिवस तसंच उघडं ठेवायचं. मग बारा-चौदा इंची कुंडी असेल तर दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन चमचे बोनमील (हाडांचा चुरा) मातीत मिसळून परत भरायचं आणि खालून निथळेपर्यंत एकदा भरपूर पाणी. पुढे फुटवे दिसेपर्यंत मात्र माती नुसती ओलसर ठेवायची, कारण पानंच नाहीत तर झाड पाणी पिणार कुठून, त्या दिवसात जास्त पाण्याने मुळं कुजतात.

दोन-तीन आठवड्यांत पोपटी फुटवे येतात आणि आता रोज बारकाईने बघायचं. फुटव्याला पानांच्या काही जोड्या आल्या की शेंड्याकडे बघा. तिथे हिरव्या, मोहरीपेक्षा जरा मोठ्या टोकदार कळ्या दिसल्या, बहुतेक वेळा तीन एकत्र, मधली मोठी आणि बाजूच्या दोन लहान, तर काम झालं, मधली आधी फुलते आणि मागून बाजूच्या. पण काही फुटवे शेंड्याला कळी न धरता वेलीसारखे नुसते लांबत जातात, दोन पानांमधलं अंतरही वाढत जातं. असा फुटवा दिसला की वाट बघत बसू नका, पानांच्या दोन-तीन जोड्या ठेवून वरचा भाग खुडा. खुडलेल्या ठिकाणी पानांच्या बगलेतून दोन फुटवे येतात आणि त्यांच्या शेंड्यांना कळ्या धरायची शक्यता खूप जास्त असते. फुलं होऊन गेलेल्या शेंड्याचंही हेच करायचं, वाळलेली फुलं नुसती तोडायची नाहीत तर खालच्या पानांच्या एका जोडीसकट शेंडा कापायचा. हे एवढं जरी नेमाने केलं तरी होळी-पाडव्याला सुरू झालेला मोगरा पाऊस लागेपर्यंत थांबून थांबून फुलत राहतो. जव्हारकडे शेतातला मोगरा कोणी पाहिला असेल तर आठवा, उघड्यावर, दिवसभर उन्हात, झुडपं बेताच्या उंचीची. तिथे कोणी झाड ग्रिलवर चढवत नाही.

आणि समजा तुम्ही हे एप्रिलमध्ये वाचताय, संक्रांत गेली, छाटणी राहिली. मग तेव्हा बोडकं करू नका, प्रत्येक फांदी वरून एक तृतीयांश कापा, एवढ्यानेही मेच्या शेवटी एक बहर मिळतो. अमेरिकेत किंवा युरोपात मोगरा घेऊन गेलेले लोक विचारतात, त्यांच्यासाठी छाटणीची वेळ म्हणजे थंडी संपताना, कुंडी घराबाहेर काढायच्या आधी. थंडीभर घरात खिडकीजवळ ठेवून पाणी अगदी कमी द्यायचं, खत अजिबात नाही, आणि रात्रीचा गारठा पूर्ण गेल्यावरच बाहेर.

कळ्या आल्या पण जांभळट पडून सुकतायत, न उमलताच गळतायत, असं असेल तर हा खताचा प्रश्न नाही. कळी उलगडून बघा, आत बारीक अळी किंवा पोखरलेलं भोक सापडेल. अशा कळ्या वेचून घराबाहेर फेकायच्या, कुंडीत टाकायच्या नाहीत, कारण काही अळ्या मातीतच कोषात जातात. आणि नीम तेल, लिटरला पाच मिली, दोन-चार थेंब भांड्यांचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत. पानं तांबूस, धुळकट दिसत असतील आणि मागे बारीक जाळी असेल तर ती लाल कोळी नावाची कीड, उन्हाळ्यात गच्चीवर हमखास येते, तिला पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून मारत राहणं हा पहिला इलाज.

खताबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. युरिया, शेंगपेंडीचं पाणी, अर्धवट कुजलेलं शेण यांच्यातून मिळतो मुख्यतः नायट्रोजन, आणि नायट्रोजनने पानं वाढतात. पान गडद, मोठं, लुसलुशीत आणि फूल शून्य अशी अवस्था असेल तर दोन महिने सगळं खत बंद करा, काहीही देऊ नका. मग नवे फुटवे वाढायला लागले की ०:५२:३४ नावाचं, नायट्रोजन नसलेलं, फक्त फॉस्फरस आणि पोटॅशचं पाण्यात विरघळणारं खत मिळतं, कृषी सेवा केंद्रात लहान पाकिटातही मिळतं, ते लिटरला एक ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारायचं, पंधरा दिवसांनी परत एकदा, बास. दुप्पट दिलं तर दुप्पट फुलं येत नाहीत, पानांच्या कडा जळतात. केळीच्या सालींच्या पाण्याने झाडाला अपाय नाही, पण त्यात पोटॅश इतकं कमी उतरतं की त्याच्यावर बहराची आशा ठेवू नये, साली सरळ कंपोस्टमध्ये टाका. लाकडाची राख कोकणातल्या तांबड्या मातीत चालते कारण ती माती आम्ल असते. घाटावरच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत तीच राख ओतत राहिलात तर माती आणखी अल्कली होते आणि झाडं पिवळी पडायला लागतात.

बोगनवेलीचं सोपं आहे. ऊन पूर्ण दिवसाचं, कुंडी जरा लहानच, आणि पाणी पानं किंचित लोंबली की मगच. पावसाळ्यात तिला पानंच येणार, तेव्हा हिरमुसू नका. पाऊस संपला की वाढलेल्या फांद्या निम्म्या कापा, कोवळे फुटवे येऊ द्या आणि मग पाण्याचा ताण सुरू करा, थंडी सरता सरता रंग धरतो. मोठ्या कुंडीत, मऊ मातीत, रोज पाणी घातलेली बोगनवेल वर्षानुवर्षं नुसती काटे आणि पानं देत राहते.

शेवंती. दिवाळीच्या सुमाराला नर्सरीतून फुलांनी लगडलेली कुंडी आणतो, फुलं संपतात, झाड जगतं आणि पुढच्या वर्षी एक कळी येत नाही. शेवंती रात्रीची लांबी ओळखते, रात्र मोठी व्हायला लागली की कळ्या धरते, आणि आपल्याकडे रात्र असते कुठे? बाल्कनीसमोर रस्त्याचा एलईडी दिवा, वर आपला बल्ब बारापर्यंत चालू. झाडाला वाटतं अजून दिवस मोठेच आहेत. सप्टेंबरच्या मध्यापासून कुंडी अशा ठिकाणी न्या जिथे सूर्य मावळल्यावर खरंच अंधार असतो, ते शक्यच नसेल तर संध्याकाळी सहा-साडेसहाला वरून मोठा खोका किंवा काळं जाड कापड घालून सकाळी सातला काढा, कळ्या दिसून त्यांना रंग दिसायला लागेपर्यंत रोज, मध्ये खाडे न करता. पण त्याच्याआधीची तयारीही लागते. फुलं संपल्यावर झाड मातीपासून तीन-चार बोटांवर कापायचं, बुंध्याजवळून जी पिल्लं येतात ती पाऊस सुरू झाला की मुळांसकट वेगळी करून नव्या मातीत लावायची आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत प्रत्येक फांदीचा शेंडा खुडत राहायचं म्हणजे झाड बुटकं आणि भरगच्च होतं. ऑगस्टनंतर शेंड्याला हात लावायचा नाही, नाहीतर येणाऱ्या कळ्याच खुडल्या जातात. जुनं खोड तसंच ठेवून त्याच्याकडून फुलांची अपेक्षा करणं बरोबर नाही.

आपल्या घरांमध्ये ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं निवडुंग आहे, तिथे ते जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतं. हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप समजतं. त्याला चिखल माती नको, भुसभुशीत, पाणी लगेच निथळणारी माती हवी, कोकोपीट, गांडूळखत आणि विटांचे बारीक तुकडे असं मिश्रण छान चालतं. दुपारचं कडक ऊन नको, पानं पिवळी पडून भाजतात, पण अंधारा कोपराही नको, सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन उत्तम. कुंडी घट्ट असू दे, दरवर्षी मोठ्या कुंडीत हलवू नका. आणि मुख्य म्हणजे थांबायची तयारी ठेवा, पान खोचून केलेलं रोप फुलायला साधारण दोन-तीन वर्षं घेतं. कळी येते ती जून झालेल्या चपट्या "पानाच्या" कडेला जी खाच असते तिथून, म्हणून जुनी पानं कुरूप दिसतात म्हणून कापून टाकू नका, फुलणार तीच आहेत. थंडीत पाणी कमी करा, मार्च-एप्रिलमध्ये गांडूळखत द्या, आणि पावसाळ्यात कळी दिसली की कुंडी जागची हलवू नका, फिरवूही नका, कळ्या गळतात. कळी खाली लोंबून पुढे आकड्यासारखी वर वळली आणि फुगली की त्या रात्री जागायची तयारी ठेवा, साधारण नऊनंतर उमलायला लागतं आणि उजाडेपर्यंत मान टाकतं.

अनंताची गोष्ट वेगळी, तिथे उपाशी ठेवून चालत नाही. कोकणात अंगणातला अनंत पावसाच्या तोंडावर पांढराशुभ्र होतो आणि पुण्यात, नगरला, सोलापूरला त्याच जातीचं रोप पिवळं पडून बसतं. कारण पाणी आणि माती. बोअरचं क्षारांचं पाणी, काळी माती, त्यात झाडाला लोह घेता येत नाही. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसलं की ओळखायचं. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम फवारा, माती बदलताना लाल माती आणि कोकोपीट जास्त, आणि पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवता आलं तर ते खास अनंतासाठी ठेवा. कळ्या आल्यावर माती एकदाही कोरडी पडू देऊ नका, एक दिवस जरी सुकली तरी कळ्या पिवळ्या होऊन टपटप गळतात. छाटणी फक्त बहर संपल्या संपल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापलात तर त्या वर्षीच्या कळ्या गेल्या.

सोनचाफा फुलत नसेल तर आधी बुंधा बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर कलमाची गाठ दिसते का? नसेल तर ते बियांचं रोप आहे, कलम म्हणून सर्रास विकलं जातं, आणि त्याला फुलं यायला आठ-दहा वर्षंही लागू शकतात. गाठ असेल पण सगळी वाढ गाठीच्या खालून आलेली असेल तर कलम मेलंय आणि खालचं रानटी खुंट वाढतंय, खालचे फुटवे वेळीच काढायला हवेत. नवीन घेताना कलम केलेलं, शक्यतो त्याच छोट्या पिशवीत एखादी कळी धरलेलं रोप घ्या, "वेलणकर सोनचाफा" म्हणून जे मिळतं ते लहानपणापासून फुलतं आणि मोठ्या ड्रममध्येही चालतं.

निशिगंध पहिल्या वर्षी भरपूर, दुसऱ्या वर्षी बरा आणि मग नुसतं गवत, हे सगळ्यांकडे होतं. कंदांना बाजूने इतकी पिल्लं येतात की कोणालाच जागा उरत नाही. दोन-तीन वर्षांनी, पानं पिवळी पडली की सगळे कंद उकरून काढा, सावलीत आठ-दहा दिवस सुकवा, आणि सुपारीपेक्षा मोठे, टणक तेवढेच निवडून एप्रिल-मेमध्ये वीतभर अंतरावर, दोन-अडीच इंच खोल लावा. बारीक पिल्लं वेगळ्या कुंडीत वाढवत ठेवा, ती त्या वर्षी फुलणार नाहीत.

आणि मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली, तिचा तर इशाराच कोरडी झोप आहे. थंडीत पानं वाळून गेली की पाणी बंद करायचं, कुंडी पावसात आणि पाण्यात येणार नाही अशा कोपऱ्यात तशीच ठेवायची, आणि एप्रिलच्या शेवटी बाहेर काढून पाणी सुरू करायचं. पानांच्या आधी फूल वर येतं. त्या कुंडीवर नावाची पट्टी मात्र लावून ठेवा, कारण रिकामी कुंडी समजून घरातलं कोणीतरी त्यात दुसरं काहीतरी लावायला जातं आणि खुरप्याने आतला कंद कापला जातो.